अधिक करू की वजा? शाब्दिक उदाहरणं पट्टीने सोडवायची रीत

संध्याकाळी सहाला आमच्या गॅलरीत पाच-सहा मुलं दप्तरं घेऊन बसतात. तिसरीपासून सहावीपर्यंत सगळी एकत्र. त्यांच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच: "काकू, यात अधिक करू की वजा?" उदाहरण धड वाचूनही झालेलं नसतं. डोळ्यांना दोन आकडे दिसले, की पेन्सिल मधल्या चिन्हाच्या शोधात निघालेली असते.

आकडेमोड त्यांना येते, पाढे खडखडीत पाठ आहेत, हातचाही सहसा विसरत नाहीत. अडतं ते गोष्टीत. आणि याला थोडीफार आम्ही शिकवणारी माणसंच जबाबदार आहोत. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की गुणाकार, असली गुरुकिल्ली मीही पहिली दोन वर्षं वाटत होते. मग एका दिवाळीच्या सुट्टीत हे उदाहरण घातलं:

आईने डब्यातले १८ लाडू शेजारी वाटले. आता डब्यात २७ लाडू उरले. डब्यात आधी किती लाडू होते?

सहापैकी चौघांनी ९ लिहिलं. 'उरले' होतं ना! मी म्हटलं, "आत्ता डब्यात २७ दिसताहेत आणि वाटायच्या आधी होते ९?" तेव्हा कुठे एकमेकांकडे बघून हसायला लागली. त्या दिवसापासून गुरुकिल्ली बंद केली आणि पट्टी सुरू केली.

ही पट्टीची रीत सिंगापूरची. १९८० च्या दशकात तिथल्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांसाठी गणिताची नवी पुस्तकं तयार केली, तेव्हा को टेक हाँग यांच्या गटाने ती बसवली. उदाहरणातली प्रत्येक संख्या एका आयताकृती पट्टीने दाखवायची आणि पट्ट्यांकडे बघून कोणती क्रिया करायची ते ठरवायचं, एवढंच तिचं सार. १९९५ च्या 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय पाहणीत सिंगापूरची चौथी आणि आठवीची मुलं गणितात पहिली आली, तेव्हा इतर देशांचं लक्ष या पुस्तकांकडे गेलं. त्या यशाची कारणं अनेक असणार, एकट्या पट्टीला सगळं श्रेय देण्यात अर्थ नाही. पण गॅलरीतल्या सहा मुलांपुरतं विचाराल, तर मला एवढं हमखास लागू पडलेलं दुसरं काही सापडलेलं नाही.

वहीच्या आधी कागद

पहिले चार-पाच दिवस वही उघडू नका. जुन्या कॅलेंडरची पानं घ्या, मागची बाजू कोरी असते. दोन बोटं रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या कापा. एक पट्टी म्हणजे डब्यातले सगळे लाडू. ती मुलाने स्वतः फाडायची: हा तुकडा शेजारी गेला, हा डब्यात राहिला. दोन्ही तुकडे जोडले की आधीची पट्टी परत मिळते. लाडवांच्या उदाहरणाला याहून वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

पट्टीच्या घड्या घालायलाही शिकवा. एक घडी म्हणजे दोन सारखे भाग, पुन्हा घडी म्हणजे चार. तिसऱ्या भागाची घडी मुलांना पटकन जमत नाही, दोन्ही बाजूंनी दुमडत दुमडत टोकं जुळवावी लागतात. तो खटाटोप होऊ द्या. 'सारखे भाग' हे शब्द बोटांतून जातात.

जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलं होतं की समज हाताने करण्यातून चित्राकडे आणि चित्रातून चिन्हाकडे सरकते. सिंगापूरच्या पुस्तकांनी हाच क्रम धरला. आपल्याकडे पुष्कळदा पहिली पायरी बालवाडीत संपते आणि मधली येतच नाही, मूल थेट चिन्हांत ढकललं जातं.

मग चौकटीची वही. पट्टी एक चौकट उंच. सगळ्या पट्ट्या डावीकडे एकाच रेघेपासून सुरू झाल्या पाहिजेत. हा नियम मी कधीच सैल सोडत नाही, कारण पट्ट्या पुढेमागे सुरू झाल्या तर कोण जास्त, कोण कमी हे दिसणारच नाही. नाव डावीकडे. मिळून किती ते उजवीकडे महिरपी कंसात. जे विचारलंय तिथे प्रश्नचिन्ह. मापाच्या बाबतीत मात्र उदार राहा. ४५ साठी ४५ चौकटी मोजत बसायचं नाही. मोठी संख्या मोठी दिसली आणि सारखे भाग सारखे दिसले, की झालं. काही मुलं फूटपट्टी घेऊन नक्षीकामाला लागतात, त्यांची फूटपट्टी मी काढून घेते.

उदाहरण हातात आल्यावर

पहिली पायरी म्हणजे आकडे झाकून वाचणं. हे अक्षरशः करायचं: आकड्यांवर बोट ठेवायचं आणि त्यांच्या जागी 'काही' म्हणायचं. "आईने डब्यातले काही लाडू वाटले. आता काही उरले. आधी किती होते?" आकडे गेले की चिन्ह शोधायची घाई जाते. मग मुलाला विचारायचं, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. सांगता आलं नाही, तर पेन्सिल उचलायची नाही. मला वाटतं निम्मं काम इथेच होतं.

दुसरं, गोष्ट कोणाकोणाची आहे ते डावीकडे लिहायचं. तिसरं, एकेक वाक्य वाचत पट्टी काढायची. वाक्य वाचलं, थांबलो, तेवढंच काढलं, मग पुढचं वाक्य. सगळं वाचून शेवटी एकदम चित्र काढायला गेलं की मुलं मधलं एखादं वाक्य गाळतात आणि बहुधा नेमकं तेच महत्त्वाचं असतं. प्रश्नचिन्ह टाकून झालं, की मग कुठे विचारायचं, "आता काय करावं लागेल?"

आणि शेवटी उत्तर पट्टीत भरून गोष्ट पहिल्यापासून वाचायची, यावेळी खऱ्या आकड्यांनिशी. "डब्यात ४५ लाडू होते, आईने १८ वाटले, २७ उरले." बसली गोष्ट. ही पायरी मुलांना नको असते, कारण उत्तर आल्यावर खेळायला पळायचं असतं.

लाडवांची पट्टी वहीत अशी दिसते:

लाडू [ वाटले १८ ][ उरले २७ ] } ?

एक अखंड आणि त्याचे भाग. भाग दिले असतील तर जोडायचे, अखंड आणि एक भाग दिला असेल तर काढून घ्यायचा. तिसरी-चौथीच्या बेरीज-वजाबाकीची बरीचशी उदाहरणं याच एका चित्रात बसतात, म्हणून यावर फार रेंगाळत नाही.

'पेक्षा' कोणाला चिकटलंय?

खरा घोळ इथून सुरू होतो.

गौरीकडे २४ मणी आहेत. तिच्याकडे मीनापेक्षा ८ मणी जास्त आहेत. मीनाकडे किती मणी आहेत?

'जास्त' वाचून मुलं ३२ लिहून मोकळी होतात. माझा नियम साधा आहे: 'पेक्षा' ज्या नावाला चिकटलंय, त्याची पट्टी आधी काढायची. इथे ते मीनाला चिकटलंय. म्हणजे मीनाची पट्टी हा पाया, गौरीची त्या मापाने. आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे, शब्दयोगी अव्ययच बोट दाखवतं.

पण मुलं इथे अडतात, आणि त्यांची अडचण बावळटपणाची नाही. चौथीतला एक मुलगा पेन्सिल हवेत धरून म्हणाला, "मीनाकडे किती आहेत ते माहीतच नाही. मग किती लांब काढू?"

"वाटेल तेवढी काढ."

"चुकली तर?"

"चुकणार कशी? त्यात काय लिहायचं ते अजून ठरलंच नाहीये."

त्याने बिचकत सहा चौकटींची पट्टी काढली. तिच्याखाली गौरीची, तेवढीच. मग 'आठ जास्त' म्हणून पुढे एक तुकडा जोडला:

मीना [ ? ]
गौरी [ मीनाइतके ][ ८ ] } २४

आणि चित्र बघता बघता स्वतःच म्हणाला, "हां, गौरीचे सगळे मिळून २४. मग आठ काढून टाकायचे." उत्तर १६. जे माहीत नाही त्याच्यासाठी जागा धरून पुढे चालायचं, हे त्याला त्या दिवशी जमलं. पुढच्या इयत्तांत याच जागेला 'क्ष' म्हणतात आणि घाबरवतात.

त्याच चित्रावर दुसरा प्रश्न लगेच विचारा: दोघींकडे मिळून किती? २४ आणि १६, चाळीस. एका चित्रातून दोन-तीन प्रश्न काढले, की मुलांना कळतं की चित्र गोष्टीचं असतं, उत्तराचं नसतं.

बेरीज माहीत, फरक माहीत

चौथी-पाचवीत सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि पट्टी सर्वांत जास्त चमकते तीही इथेच.

समीर आणि सायली यांनी मिळून ५६ शिंपले गोळा केले. समीरकडे सायलीपेक्षा १२ शिंपले जास्त आहेत. प्रत्येकाकडे किती?

न काढता सोडवणारी मुलं ५६ चे निम्मे करतात, २८. मग समीरला १२ जास्त म्हणून ४०, आणि सायलीला २८. बेरीज होते ६८. कुणीतरी हे सांगितलं, की घाईने सायलीचे १२ कमी करून १६ करतात. आता बेरीज ५६ बरोबर, पण फरक झाला २४. मूल वैतागतं. एक धरलं की दुसरं सुटतं.

पट्टी काढा:

सायली [ एक खण ]
समीर [ एक खण ][ १२ ] } दोघांचे मिळून ५६

'खण' हा शब्द मी वापरते, कपाटातला असतो तसा. सारख्या मापाच्या चौकटीला खण म्हणायचं. आता विचारायचं, हे दोघं सारखे असते तर सोपं झालं असतं का? हो. मग सारखे कसे करायचे?

इथे थांबा. उत्तर सांगू नका. मुलं दोन वेगवेगळे रस्ते काढतात आणि ते बघायला मजा येते. एक रस्ता म्हणजे समीरचा जास्तीचा तुकडा कापून बाजूला ठेवायचा: ५६ - १२ = ४४, दोन सारखे खण, एक खण २२. सायली २२, समीर ३४. दुसरा रस्ता म्हणजे सायलीला बाहेरून १२ शिंपले आणून द्यायचे: ५६ + १२ = ६८, दोघं आता समीरइतके, ६८ ÷ २ = ३४. सायली ३४ - १२ = २२.

दुसऱ्या रस्त्यात बेरीज करावी लागते, तरी उत्तर तेच. 'अधिक करू की वजा' विचारणाऱ्याला हे दोन्ही रस्ते शेजारी शेजारी लिहायला लावा. कागदी पट्टीवर हे आणखी छान दिसतं, तुकडा खरंच कापता येतो.

एक ताकीद. हे उदाहरण जमल्यावर 'बेरीज वजा फरक भागिले दोन' असं सूत्र करून पाठ द्यायचा मोह होतो. देऊ नका. तिघांचं उदाहरण आलं की सूत्र कोसळतं, पट्टी कोसळत नाही.

पटीचं गणित

आजीचं वय नातीच्या वयाच्या ७ पट आहे. दोघींच्या वयांत ५४ वर्षांचा फरक आहे. आजीचं वय किती?

नात [ ]
आजी [ ][ ][ ][ ][ ][ ][ ]

नातीचा एक खण, आजीचे सात. फरक दाखवणारे खण किती? मुलं पटकन सात म्हणतात. आजीचा पहिला खण नातीच्या खणाच्या बरोबर खाली आहे, तो फरकात नाही. उरलेले सहा. ५४ ÷ ६ = ९, म्हणून नात ९ वर्षांची, आजी ६३. ५४ ला सातने भाग जात नाही, त्यामुळे चुकणाऱ्याला निदान शंका तरी येते. असे आकडे मी मुद्दाम निवडते.

'तिप्पट' आणि 'तिपटीने जास्त' यांत मात्र सावध राहा. तिप्पट म्हणजे तीन खण, यात वाद नाही. 'तिपटीने जास्त' म्हणताना कुणी तीन खण धरतं, कुणी मूळ एक अधिक तीन असे चार. मी मुलांसाठी उदाहरण लिहिते तेव्हा 'तिप्पट' किंवा 'तीन पट' एवढंच लिहिते.

पाव, पाऊण, सव्वा

अपूर्णांकांकडे जायला आपल्याकडे एक घरचा रस्ता आहे, बाजारातून जाणारा.

सव्वा किलो शेंगदाण्यांना २०० रुपये पडले. पाऊण किलोला किती पडतील?

एकमान पद्धतीने करायचं तर आधी एका किलोची किंमत काढा, त्यासाठी २०० ला १.२५ ने भागा, मग ०.७५ ने गुणा. पाचवीतल्या मुलाला हे नकोसं होतं. पट्टीला एकमान लागतंच, पण ते किलो असायला हवं असं कोणी सांगितलंय? पाव किलो धरा. एक खण म्हणजे एक पाव. किलोत चार खण, सव्वा म्हणजे पाच, पाऊण म्हणजे तीन.

सव्वा किलो [ ][ ][ ][ ][ ] } २००
पाऊण किलो [ ][ ][ ] } ?

एक खण ४० रुपयांचा, तीन खण १२०. माझ्याकडची एक मुलगी आईबरोबर आठवडी बाजारात बसते, तिने हे तोंडी सांगितलं आणि बाकीच्यांकडे 'यात काय विशेष' अशा नजरेने बघितलं. दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द आता पुष्कळ मुलांना नीट कळत नाहीत. पट्टीवर काढले की कळतात: पावणेदोन म्हणजे दोन पट्ट्यांत शेवटचा एक खण कमी.

उरलेल्यापैकी

आता पाचवी-सहावीचा खरा खड्डा.

सुमनने जत्रेला नेलेल्या पैशांपैकी १/३ पैसे पाळण्यांवर खर्च केले. उरलेल्या पैशांपैकी १/४ पैशांची भेळ खाल्ली. तिच्याकडे ९० रुपये उरले. तिने किती पैसे नेले होते?

नेहमीची चूक अशी: १/३ आणि १/४ मिळवायचे, ७/१२. उरले ५/१२, म्हणजे ९० रुपये. मग सगळे २१६. बघा, उत्तर कसं स्वच्छ, पूर्ण संख्येत येतं. मुलाला काही खटकतच नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चार पर्याय असतात, त्यात २१६ हमखास बसलेला असेल असं धरून चाला.

चूक एका शब्दाची आहे, 'उरलेल्या'. चौथा भाग सगळ्या पट्टीचा नाही. म्हणून कागद घ्या. पट्टीचे तीन सारखे भाग करा. पहिल्या भागावर 'पाळणा' लिहा आणि तो सरळ फाडून बाजूला ठेवा. हातात दोन भाग राहिले. 'उरलेले पैसे' म्हणजे हा हातातला तुकडा, दुसरं काही नाही. आता याचे चार भाग करायचे, म्हणजे दोन्ही भाग अर्धे अर्धे दुमडायचे. चार छोटे खण झाले. त्यातला एक भेळेचा. राहिले तीन, ते ९० रुपयांचे. एक छोटा खण ३० रुपये.

पाळण्याचा फाडलेला भाग परत आणून शेजारी ठेवा. त्याच्याही मधोमध घडी घाला, तोही दोन छोट्या खणांएवढाच आहे:

[ पाळणा ][ पाळणा ][ भेळ ][ ३० ][ ३० ][ ३० ]

सहा खण, १८० रुपये. पडताळा: पाळण्यांवर ६०, उरले १२०, त्याचा चौथा भाग ३०, राहिले ९०. शेवटी २१६ घेऊनही पडताळा करायला लावा: ७२ गेले, १४४ उरले, ३६ ची भेळ, राहिले १०८. गोष्ट म्हणते ९०. मुलाला आपली चूक आपल्याच हाताने सापडली पाहिजे.

वहीत हे चित्र काढताना पट्टी दुसऱ्यांदा काढावी लागते, कारण पहिल्यांदा तीनच खण असतात. खाडाखोड होऊ द्या. खालच्या ओळीत नवी पट्टी काढली तरी चालेल, फक्त जुनीच्या बरोबर खाली, तेवढ्याच लांबीची.

शेकडेवारी हीच पट्टी, दहा खणांची. २० टक्के सूट मिळून फ्रॉक ६४० रुपयांना पडला, तर छापील किंमत किती? दोन खण गेले, आठ राहिले, ते ६४० चे. खण ८० चा, दहा खण ८००. ६४० चे २० टक्के काढून त्यातच मिळवणारी मुलं (आणि मोठी माणसंही) ७६८ वर पोचतात.

दिले-घेतले

हा शेवटचा प्रकार, सवय झाल्यावरच घ्या.

राजू आणि इरफान यांच्याकडे सारख्याच गोट्या होत्या. राजूने इरफानला १६ गोट्या दिल्या. आता इरफानकडे राजूच्या ५ पट गोट्या आहेत. सुरुवातीला प्रत्येकाकडे किती होत्या?

यात दोन चित्रं लागतात, आधीचं आणि नंतरचं. आधीचं सोपं, दोन सारख्या पट्ट्या. नंतरच्या चित्रात राजूचा एक खण, इरफानचे पाच. फरक चार खणांचा. पण तो कितीचा? 'सोळा' म्हणून सगळी ओरडतात. खऱ्या गोट्या काढा, दोन सारखे ढीग करा आणि एकातून तीन गोट्या उचलून दुसऱ्यात टाका. फरक मोजा. सहा! एकाच्या कमी झाल्या आणि दुसऱ्याच्या वाढल्याही. म्हणून इथे फरक ३२. चार खण ३२ चे, एक खण ८. राजूकडे आता ८ आहेत, १६ दिल्या होत्या, म्हणजे आधी २४. इरफानकडे २४ आणि १६, चाळीस, आठाची पाचपट.

रोज किती, आणि कुठे नाही

रोज दोन उदाहरणं पुरेत. वीस उदाहरणांचा गृहपाठ दिला की मुलं पट्टी सोडून पुन्हा चिन्हाच्या मागे लागतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा उलटा खेळ खेळा: मी फळ्यावर नुसती पट्टी काढते, आकड्यांसह, आणि गोष्ट मुलांनी रचायची. एक खण आणि खाली तीन खण, मिळून ४८. एकाने उंदीर आणि मांजराचं वजन केलं, दुसऱ्याने एसटीतल्या उभ्या आणि बसलेल्या प्रवाशांचं. मांजर उंदराच्या फक्त तिप्पट कसं, यावर दहा मिनिटं भांडण झालं. होऊ दिलं.

ज्या मुलाला सोपं उदाहरण चित्राशिवाय सुटतं, त्याला त्या उदाहरणात चित्राची सक्ती करू नका. चित्र अडल्यावरचं आहे. काही पालक सुबक पट्टीला वेगळे गुण मागतात, तो उलटा हट्ट झाला.

सगळीकडे ही पट्टी चालत नाही हेही मान्य करायला हवं. '६ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर ४ मजूर किती दिवसांत' यात एक वाढलं की दुसरं घटतं. दोघांच्या पट्ट्या शेजारी ठेवून काही हाती लागत नाही, तिथे चौकटींचा तक्ताच बरा. रांगा आणि ओळींच्या गुणाकाराला, क्षेत्रफळालाही तक्ता. तीन-चार अज्ञात आले की चित्र गुंता होतं, आणि तोवर मूल 'क्ष' च्या वयाला आलेलंही असतं.

सहावीच्या मुलांना मी शेवटी एक जुनं उदाहरण देते, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं, ११५० सालचं. चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाची नोंद आहे. तेव्हा हे उदाहरण त्या भागात कुण्या मुलांनी नक्की सोडवलं असेल. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला. तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर. या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजावर. एक भुंगा राहिला, तो केतकी आणि मालतीच्या सुगंधाने वेडा होऊन इकडून तिकडे घिरट्या घालतोय. थव्यात भुंगे किती?

भास्कराचार्य हे 'इष्टकर्मा'ने सोडवतात, म्हणजे सोयीची एखादी संख्या धरून चालायचं आणि शेवटी प्रमाणात बसवायचं. आम्ही कॅलेंडरचा कागद घेतो. आडव्या घड्या घालून पाच भाग, मग उभ्या घड्या घालून तीन. उलगडला की पंधरा खण. पाचवा भाग म्हणजे तीन खण, ते कदंबाचे. तिसरा भाग म्हणजे पाच खण, शिलींध्राचे. फरक दोन खणांचा, त्याची तिप्पट सहा, ते कुटजाचे. तीन, पाच आणि सहा रंगवून झाले की कागदावर एकच खण कोरा राहतो, आणि घिरट्या घालणारा भुंगाही एकच. थव्यात पंधरा.

गेल्या वेळी इथे कागद गोळा करायला लागले, तर कोपऱ्यातून एकीने विचारलं, "काकू, दोन भुंगे घिरट्या घालत असते तर थवा तीसचा का?"